डोकं फिरत नाही हो, काका!

मागच्या अंकात टाक्या धुणाऱ्या फिरत्या मशीनवर पान-दीड पान लिहिलं आणि शेवटी सवयीनं 'काही अडलं तर कळवा' असं जोडून दिलं. कळवलंत! आंब्याच्या रसापासून जहाजाच्या टाकीपर्यंत प्रत्येकाचं काही ना काही अडलेलं आहे. सगळी पत्रं छापायला संपादक जागा देणार नाहीत, म्हणून सात निवडली. मी इंजिनिअर नव्हे. हर्णैचा माणूस, २६ वर्षं टँकर जहाजांवर काढली, शेवटची बरीच पंपमन, म्हणजे जहाजाचे पंप सांभाळणारा, म्हणून. आता घराच्या पडवीत टेबल टाकून लोकांची अडकलेली हेडं, म्हणजे या मशिनांची फिरती डोकी, उघडतो. तेवढ्याच अधिकारात सांगतो.

ज्यांना मागचा अंक मिळाला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हे मशीन टाकीत वरून टांगलेलं किंवा फ्लँजला, म्हणजे टाकीच्या तोंडावरच्या बोल्टच्या चकतीला, बसवलेलं असतं. धुण्याचं पाणी आत शिरताना एक छोटी टर्बाईन फिरवतं. टर्बाईन गिअर फिरवते आणि गिअर दोन गोष्टी एकदम फिरवतात. सगळी बॉडी आडवी गोल फिरते आणि तिच्यावरची दोन किंवा चार नोझलं उभी गोल फिरतात. म्हणून धारा टाकीच्या आतल्या बाजूवर जाळं विणत जातात. पहिल्या फेरीत मोठ्या आसेचं, म्हणजे मोठ्या भोकांचं, जाळं पडतं, पुढच्या प्रत्येक फेरीत धारा थोड्या सरकतात आणि आस बारीक होत जाते. बऱ्याच मशिनांत अशा ८ फेऱ्या झाल्या की नक्षी पुरी होते. वीज नाही, मोटर नाही. जे फिरवायचं ते पाण्यानंच. हे लक्षात ठेवूनच खालची उत्तरं वाचा.

प्रश्न: आमचा आंब्याचा रस काढून डबे भरण्याचा कारखाना आहे. रस साठवायच्या टाक्या स्टीलच्या, प्रत्येकी २००० लिटरच्या. हंगाम दोन-अडीच महिन्यांचा, बाकी वर्षभर सगळं बंद. यंदा हंगामाआधी टाकी धुवायला घेतली तर हेड जागचं हलेना. पंप व्यवस्थित आहे, नोझलांतून पाणी येतं, पण फिरत नाही. खरं तर गेल्या वर्षी बंद करताना आमच्या फिटरनं त्यात चांगलं ग्रीस भरून ठेवलं होतं. (पावस)

उत्तर: साहेब, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य म्हणजेच उत्तर आहे. खाण्याच्या मालाच्या टाकीत वापरायची बहुतेक हेडं पाण्यावरच चालतात, म्हणजे बेअरिंगला वंगण धुण्याच्या पाण्याचंच. त्यांना ग्रीस लागत नाही, चालतही नाही. तुमच्या फिटरनं मायेनं भरलं, पण त्या ग्रीसनं आंब्याचा रेषा धरला, रेषानं रस धरला, आणि मग दहा महिने ते सगळं वाळत बसलं. आंबापोळी कशी होते हे पावसच्या माणसाला मी काय सांगू? तुमच्या बेअरिंगमध्ये आंबापोळीच घातलेली आहे.

आता पाईपपाना काढू नका. हेड जबरदस्तीनं फिरवलं की आतल्या बारीक गिअरचा दात जातो, आणि मग वीस रुपयांचं दुखणं वीस हजारांवर जातं. हेड उतरवा, नोझलं काढा, आणि भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी पाणी बदला, पुन्हा ठेवा. दुसऱ्या दिवशी हातानं हलकं पुढे-मागे करून बघा. सुटलं की मग कंपनीच्या चित्राप्रमाणे उघडा आणि ओ-रिंगा, म्हणजे गळती थांबवणाऱ्या रबरी कड्या, बघा. काळ्या ओ-रिंगा ईपीडीएमच्या असतील तर ग्रीसनं त्या फुगलेल्या असणार. ईपीडीएम नावाचं हे रबर गरम पाणी आणि कॉस्टिक सोडा वर्षानुवर्षं सोसतं, पण खनिज तेल लागलं की वड्यासारखं टम्म होतं. फुगलेली ओ-रिंग वाळवून परत बसवायचा मोह होतो. नका बसवू. संच बदला.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. धुताना थेट उकळतं पाणी सोडत असाल तर क्रम बदला. आधी थंड किंवा कोमट पाण्यानं रस निघून जाऊ दे, मग गरम कॉस्टिक, मग पुन्हा स्वच्छ पाणी. आणि शेवटी ब्लीचिंग पावडरचं पाणी टाकीत रात्रभर ठेवायची पद्धत आपल्याकडे फार आहे, ती बंद करा. क्लोरीन स्टीलला बारीक बारीक छिद्रं पाडतं. ३१६ नंबरच्या स्टीलमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं म्हणून ते ३०४ पेक्षा जास्त टिकाव धरतं, पण त्यालाही मर्यादा आहे. ब्लीचिंगच्या आगेमागे ॲसिडही वापरत असाल तर मधे टाकी आणि लाईन भरपूर पाण्यानं धुऊन घ्या. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, आणि तो मशीनच्या आधी माणसाला धरतो.

हंगाम संपल्यावर हेड १० मिनिटं नुसत्या स्वच्छ पाण्यावर फिरवा, उतरवा, नोझलं खाली करून निथळू द्या आणि सुती कापडात गुंडाळून फळीवर ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलंत की आपल्या पावसाळ्यात ती पिशवी आतून घामेजते.

प्रश्न: आमच्या कंपनीत १० हजार लिटरचा रिॲक्टर (रसायन बनवायची बंद टाकी) आहे. त्यात रेझिन (चिकट राळ) बनतं. धुण्याचं मशीन फिरतं, पण तळाला आणि ॲजिटेटरच्या (ढवळायच्या दांड्याच्या) पात्यांच्या खालच्या अंगाला थर राहतोच. विक्रेता म्हणतो मोठं मशीन घ्या. दुसरं म्हणजे कधीकधी मशीन मधेच अडकतं, तेव्हा आमचा एक पोरगा मॅनहोलमधून उतरतो आणि हातानं फिरवून देतो. ते अडकू नये यासाठी काय करावं? (लोटे)

उत्तर: आधी दुसरा प्रश्न, कारण पहिल्याला वेळ आहे.

त्या पोराला आजपासून आत उतरवू नका. हे पत्र वाचून मी चहा तसाच ठेवला. रेझिनच्या रिॲक्टरमध्ये सॉल्व्हंटची, म्हणजे रेझिन विरघळवणाऱ्या द्रवाची, वाफ असते, आणि आग लागू नये म्हणून कित्येक ठिकाणी वर नायट्रोजन सोडलेला असतो. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, तो ठसकाही लागू देत नाही. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की ती जागा माणसाची नव्हे. आणि नायट्रोजननं भरलेल्या टाकीत माणूस दोन श्वासांत कोसळतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही राहतो. कारखाना कायदा १९४८ चं कलम ३६ याचसाठी होतं (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी नवी संहिता आली, पण नेम सोडायचा नाही): घातक वायूची शक्यता असलेल्या टाकीत पुरेसं मॅनहोल असल्याशिवाय माणूस घालता येत नाही. टाकी तपासून लेखी दाखला हवा किंवा माणसाला श्वासाचं उपकरण हवं, कमरेला पट्टा आणि त्याची दोरी बाहेरच्या माणसाच्या हातात हवी. पुढचं ३६-अ सांगायचं की आत न्यायचा हातदिवा २४ व्होल्टच्या वर नको. तुमच्या पोराच्या हातात काय असतं? मोबाईलची बॅटरी असणार.

मशीन अडकलं तर पंप बंद, व्हॉल्व्हला कुलूप, फ्लँज सोडायचा आणि हेड बाहेर काढायचं. वेळ लागतो? लागू दे. फ्लँज सोडायला अर्धा तास लागतो म्हणून माणूस उतरवत असाल तर फ्लँज बदला, झटपट सुटणारा क्लॅम्प बसवा.

अडकतं का, तर सीलकडे बघा. कुठला सॉल्व्हंट वापरता ते पत्रात नाही. टोल्युईन असेल आणि सील ईपीडीएमचं असेल तर ते फुगणार. ॲसिटोन किंवा एमईके असेल आणि 'सगळ्यात भारी' म्हणून कोणी व्हिटॉनचं (हेही एक रबरच) सील घातलं असेल तर तेही फुगणार, कारण हे दोन्ही सॉल्व्हंट कीटोन जातीचे आणि व्हिटॉनला कीटोन सोसत नाहीत. भारी सील असं काही नसतं हो, ज्याला जे सोसतं ते सील. आणखी एक संशय: धुऊन झाल्यावर रेझिनच्याच सॉल्व्हंटनं हेड चालवून ठेवता की तसंच सोडता? टाकी स्वच्छ आणि हेडच्या पोटात रेझिन, असं फार ठिकाणी बघितलंय.

आता पहिला प्रश्न. मोठं मशीन घेऊ नका, निदान एवढ्यात नको. धार सरळ रेषेत जाते. पात्याच्या खालच्या अंगाला ती वळून जाणार नाही, मशीन मोठं असो की छोटं. ती सावली आहे, आणि सावली हटवायची तर एकतर दिवा हलवा नाहीतर वस्तू. म्हणजे टाकीच्या दुसऱ्या बाजूच्या तोंडातून दुसरं लहान हेड लावा, किंवा धुताना ॲजिटेटर अगदी हळू, थांबत-थांबत फिरवा. अर्थात तो हेडला लागत नाही याची खात्री करून.

तळाचा थर वेगळ्या कारणानं राहतो असा माझा अंदाज आहे. धुताना साईट ग्लासमधून (टाकीत बघायच्या काचेतून) बघा. तळाला पाणी साचलंय का? खालच्या व्हॉल्व्हमधून जेवढं जातं त्यापेक्षा मशीन जास्त टाकत असेल तर तळाला डबकं होतं, आणि धारा डबक्यावर आपटून मरतात. मग तुम्ही तास-दोन तास चालवा, तळ तसाच. जहाजावर आम्ही धुण्यापेक्षा उपसण्याची काळजी जास्त करायचो. खालचा पंप ओढत नसेल तर वरची मशिनं कमी करायची. तुमच्याकडे मोठं मशीन लावलंत तर डबकं आणखी मोठं होईल, आणि विक्रेता म्हणेल आता याहून मोठं घ्या.

शेवटी वेळ. हर्बर्ट सिनर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञानं १९५९ साली धुण्याचं गणित चार गोष्टींत मांडलं: रसायन, तापमान, वेळ आणि धारेचा मार. एक कमी केलीत तर दुसरी वाढवावी लागते. तुमचं मशीन पुरी नक्षी किती मिनिटांत विणतं हे कोणी मोजलंय का? माझ्या हाताखालून गेलेल्यांना १० मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत लागताना बघितलंय. पुरी नक्षी ३० मिनिटांची आणि तुम्ही १५ मिनिटांत पंप बंद करत असाल तर जाळ्याची आस मोठीच राहणार, आणि मधल्या जागेतलं रेझिन तसंच राहणार.

प्रश्न: काका, मी गुहागरचा. टँकरवर ऑर्डिनरी सीमन (साधा खलाशी) आहे, सध्या सुट्टीवर. गेल्या ट्रिपला पोर्टेबल मशिनं लावली होती, त्यातलं एक फार हळू फिरायचं. बोसन (खलाशांचा मुकादम) म्हणायचा मशीन खराब आहे, चीफ ऑफिसर म्हणायचे प्रेशर वाढवा. बरोबर कोण? (गुहागर)

उत्तर: दोघंही असू शकतात, आणि दोघंही नसू शकतात. तू आधी हे विचारायचंस: एकच मशीन हळू फिरतंय की सगळीच? सगळी हळू असतील तर प्रेशर कमी आहे, म्हणजे पंप, हीटर किंवा एकाच वेळी जास्त मशिनं लावलीत. एकच हळू असेल तर ते मशीन, त्याचा होज किंवा त्याच्या तोंडाचा स्ट्रेनर (गाळणी). त्याला शेजारच्या मशीनचा चांगला चालणारा होज लावून बघायचं. फिरलं तर मशीन निर्दोष. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते कोणी करत नाही, लगेच पाने घेऊन बसतात.

मी पण बसलोय. एका जहाजावर, रात्रीच्या पहाऱ्यात, एकच मशीन तीनदा उघडलं. गिअर बघितले, बुश (शाफ्टभोवतीच्या नळ्या) बघितले, तेल बदललं. जोडलं की पाच मिनिटं फिरायचं आणि थांबायचं. पहाटे होज सोडला तेव्हा कपलिंगमधून एक कापडी हातमोजा बाहेर आला. कोणाचा तरी लाईनमध्ये राहिलेला. पाणी आलं की पुढे सरकून तोंड बंद करायचा, पाणी थांबलं की मागे यायचा. तेव्हापासून डेकच्या लाईनचं टोक उघडं ठेवून दोन मिनिटं भरपूर पाणी सोडल्याशिवाय एकही मशीन जोडायचं नाही, हा नेम केला. लाईनमधला गंज, खवले, मोजे, जे असेल ते समुद्रात नाही तर बादलीत, पण मशीनमध्ये नको.

मशीन टाकीत सोडण्याआधी बॉडीवर पांढऱ्या रंगाची रेघ मार. डेकवर थोडं पाणी सोडून रेघ किती सेकंदांत फिरून येते ते घड्याळावर मोज आणि लिहून ठेव. आत गेल्यावर दिसत नाही, पण कान लाव. धार लोखंडावर आपटली की आवाज होतो आणि ठराविक वेळानं परत होतो. तो ठेका चुकला की मशीन अडलं. जुने बोसन कॉफी पीत पीत नुसत्या कानावर सांगायचे, चौथ्या नंबरचं थांबलंय म्हणून.

आता जे तू विचारलं नाहीस ते. १९६९ च्या डिसेंबरात मार्पेसा, माक्ट्रा आणि काँग होकन सेव्हन अशी तीन महाकाय तेलवाहू जहाजं काही दिवसांच्या अंतरानं स्फोटांत सापडली. मार्पेसा बुडालं. तिन्ही रिकामी होती, तिन्हींच्या टाक्या धुणं चाललं होतं. पुढे तपास झाला तेव्हा बोट ठेवलं गेलं ते धुण्याच्या जोरदार धारांनी टाकीत तयार होणाऱ्या विद्युतभारित तुषारांवर. म्हणजे साधं पाणी, पण ठिणगी त्यातूनच. त्यानंतर मोठ्या टँकरवर इनर्ट गॅस (ऑक्सिजन कमी असलेला, पेट घेऊ न देणारा वायू) आला, आणि आज तुमच्या टाकीत ऑक्सिजन ८ टक्क्यांच्या आत ठेवतात तो त्यासाठीच.

म्हणून पोर्टेबल मशीनचा होज हा नुसता पाण्याचा पाईप नाही, ती मशीनची अर्थिंगची तार आहे. लावण्याआधी मीटरवर तपासायचा. माझ्या वेळच्या इसगॉटमध्ये (टँकरच्या सुरक्षेचं पुस्तक) मर्यादा मीटरमागे ६ ओहम होती. मशीन टांगायचं ते नैसर्गिक धाग्याच्या दोरीवर, होजवर नाही आणि नायलॉनवर तर नाहीच. आणि मशीन टाकीबाहेर येईपर्यंत होज सोडायचा नाही. इनर्ट नसलेल्या टाकीत तर एका मशीनला तासाला ६० घनमीटर आणि एका टाकीत सगळी मिळून १८० घनमीटरपेक्षा जास्त पाणी नको, असंही त्यात होतं. चीफ ऑफिसर 'प्रेशर वाढव' म्हणतात तेव्हा हे आकडे डोक्यात ठेव. तुझ्या जहाजावर इसगॉटची आता जी आवृत्ती असेल ती कॅबिनमध्ये घेऊन वाच, समुद्रावर वेळ काही कमी नसतो.

काम झालं की खाऱ्या पाण्यानंतर गोडं पाणी. मशीनचा गिअरबॉक्स तेलाचा असेल तर प्लग उघडून दोन थेंब बोटावर घे. तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर सील गेलंय, पाणी आत शिरलंय.

प्रश्न: मी कोकम सरबताचा घरगुती उद्योग करते. ३०० लिटरच्या दोन टाक्या आहेत. बँकेचं कर्ज मिळतंय तर फिरणारं मशीन घ्यावं का? (वेंगुर्ला)

उत्तर: नको, ताई. ३०० लिटरच्या टाकीला साधा भोकांचा स्प्रे बॉल पुरतो. तो १ ते ३ बार प्रेशरवर चालतो, त्यात फिरणारं काही नाही, म्हणून अडकणारंही काही नाही. साखरेचा पाक पाण्यात विरघळतो, त्याला मार लागत नाही, नुसतं भिजवणं आणि निथळणं लागतं. फक्त बॉलची भोकं महिन्यातून एकदा उजेडात धरून बघा, विहिरीचं पाणी असेल तर जांभ्याची लाल माती त्यात बसते. उरलेल्या कर्जात चांगली फिल्टरची टाकी घ्या. आणि ते कोकमाचं आगळ टाकीत रात्रभर ठेवू नका, मीठ आणि आंबट दोन्ही आहे त्यात.

प्रश्न: पाण्याच्या टाक्या साफ करून देण्याचा माझा धंदा आहे. सोसायट्या, हॉटेलं, रिसॉर्ट. जुनं चार नोझलचं मशीन विकत घेतलं. पंपावरचा काटा ६ बार दाखवतो, तरी धार भिंतीपर्यंत नीट पोचत नाही. धुऊन झाल्यावर सुकवायला कॉम्प्रेसर लावतो तेव्हा मात्र भिंगरीसारखं फिरतं, म्हणजे मशीन चांगलं असावं. (अलिबाग)

उत्तर: कॉम्प्रेसर आधी बंद करा! हवेवर टर्बाईन पाण्याच्या कितीतरी पट वेगानं पळते, आणि ते पाणीच तिचं वंगण होतं. कोरडी पळताना बुश जळतात. भिंगरीसारखं फिरतं म्हणून चांगलं, हे म्हणजे ब्रेक नसलेली गाडी उतारावर छान पळते म्हणण्यासारखं झालं. वाफेचंही तेच. सुकवायचं तर उतरवून उलटं टांगा.

आता धार. काटा कुठे आहे? पंपावर, खाली. टाकी कुठे आहे? चौथ्या मजल्याच्या गच्चीवर. पाणी १० मीटर वर चढवलं की साधारण १ बार गेला. त्यात होज किती इंची आहे? स्वस्तात मिळतो म्हणून दोन इंचीऐवजी दीड इंची लावला असाल तर तेवढंच पाणी ओढताना घर्षणाचा तोटा साधारण चौपट होतो. म्हणजे खाली ६ दिसत असतील आणि हेडवर अडीचही पोचत नसतील. कारखान्यातल्या बहुतेक जेट हेडना हेडच्या तोंडाशी ३ ते ८ बारच्या मधे कुठेतरी लागतं; तुमच्या मशीनचा आकडा त्याच्या अंगावरच्या नावाच्या पट्टीवर असेल. एक टी (तीन तोंडांचा जोड) लावून दुसरा काटा हेडच्या जवळ बसवा. या धंद्यात दोनशे-चारशे रुपयांत इतकं शहाणपण दुसऱ्या कशानं येत नाही.

मशीन जुनं आहे म्हणता, तर नोझलांच्या तोंडात व्हर्निअर (बारीक मापाची पट्टी) घाला. मूळचं ८ मिलिमीटरचं तोंड झिजून ९ झालं असेल तर भोकाचं क्षेत्रफळ सव्वापटीच्या वर जातं. म्हणजे चार नोझलांतून पाच नोझलांचं पाणी जायला बघतं. तुमचा पंप तेवढं देऊ शकत नाही, प्रेशर पडतं, धार पसरते. लोक यावर मोठा पंप घेतात. नवी नोझलं घ्या, पंपाला हात लावू नका. आणि उलटं टोकही सांगून ठेवतो: प्रेशर फार वाढवलंत तर धारेचा फवारा होतो, लांब जात नाही, मशीनही फार वेगानं फिरतं आणि भिंतीला मार बसत नाही. हळू फिरणारी, घट्ट धार खरी.

प्रश्न: काका, डोक्यां फिरता, पण टाकी साफ होणा नाय. मासळीच्या कारखान्यातली टाकी. नेमक्या एकाच रेषेत पट्टे रवतत. (मालवण)

उत्तर: एक नोझल बंद आहे. मशीन उरलेल्या नोझलांवर फिरत राहतं, म्हणून डोळ्यांना सगळं ठीक दिसतं, पण बंद नोझलच्या वाट्याची रेघ कोरडी राहते. खवला अडकलेला असेल. तारेनं उकरू नका, नोझलच्या आत धार सरळ करणारी पाती असतात ती वाकतात. नोझल उतरवून मागच्या बाजूनं पाणी मारा. आणि स्ट्रेनर लावा, तुमच्याकडे तो नसणारच. पहिलं पाणी थंड घ्या, गरम पाण्यानं मासळीचं प्रथिन स्टीलवर शिजून बसतं.

मासळीच्या टाकीत कोणी डोकावणार असेल तर एवढंच: सडक्या मासळीतून हायड्रोजन सल्फाईड सुटतो. आधी कुजक्या अंड्याचा वास येतो, आणि १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर) आसपास नाक बधिर होऊन वास येणंच बंद होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून उतरलेली माणसं परत वर आलेली नाहीत. मीटर लावल्याशिवाय नको रे बाबा.

प्रश्न: माझ्या वर्कशॉपमध्ये २०२१ च्या पुरात बुडालेलं एक जेट हेड पडून आहे. गिऱ्हाईक परत आलंच नाही. उघडून विकण्याजोगं करू की भंगारात घालू? सर्व्हिस किती तासांनी करायची तेही सांगा. (चिपळूण)

उत्तर: सर्व्हिसचं आधी. कंपनीच्या पुस्तकात असेल ते प्रमाण. पुस्तक नसेल तर मी पहिल्यांदा ३०० तासांना उघडतो आणि झीज बघून पुढचं ठरवतो. पण तास कोणी लिहीत नाही, हीच अडचण. पंपाजवळ खिळ्याला वही टांगायची: तारीख, किती वेळ चाललं, एका फेरीला किती सेकंद, हेडजवळचं प्रेशर. फेरीचे सेकंद महिन्या-महिन्याला वाढत चालले की प्रेशर तेच असतानाही बुश झिजतायत हे मशीन न उघडता कळतं.

वाशिष्ठीच्या पुराचा गाळ मी बघितलाय, मैद्यासारखा बारीक. तो सगळीकडे शिरलेला असणार. कोरडं असताना अजिबात फिरवू नका, तो गाळ पॉलिश पेपरचं काम करतो. दोन दिवस पाण्यात बुडवा, पाणी बदलत राहा, मग उघडा. टर्बाईनचा शाफ्ट नखानं चाचपा, नख अडेल अशी चरी असेल तर शाफ्ट आणि बुश दोन्ही बदलायचे. टेफ्लॉनचे भाग, सील, ओ-रिंगा काहीही दिसोत, नवेच. गिअरचे दात उन्हात धरून बघा, सगळे एकाच उंचीचे हवेत. मग झिजायच्या भागांच्या संचाची किंमत विचारा आणि नव्या हेडच्या किमतीशी ताडून बघा. निम्म्याच्या आत असेल तर करा. बॉडीला वेल्डची जुनी चीर दिसली तर मात्र वेळ घालवू नका, नोझलं काढून ठेवा, तेवढी चालतील, आणि बाकीचं स्टीलच्या भावात द्या. गिअरबद्दल शंका असेल तर फोटो पाठवा, दात नीट दिसतील असा, आणि शेजारी एक नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो.